झेरॉक्स मेकॅनिकच्या गोष्टी आणि ‘युरेका’

आमच्या गावात तहसील कचेरीसमोर झेरॉक्सची चार दुकाने आहेत. शाळेच्या कामासाठी त्यातल्या एका दुकानात माझे नेहमी जाणे असते. मागच्या जूनमध्ये, दाखल्यांच्या ऐन गर्दीत, तिथले मशीन बंद पडले. मेकॅनिक आला. त्याने मागचे झाकण उघडले, ड्रम काढून पुसला, परत बसवला. मशीनच्या छोट्या पडद्यावर तोच कोड. मग त्याने खिशातून मोबाईल काढला आणि कोणाला तरी फोन लावला. “उस्ताद, कोड जात नाही. ड्रम बघितला, फ्यूजर पण बघितला.” पलीकडून दोन-तीन मिनिटे काहीतरी सांगितले गेले. हा नुसता “हां, हां” करत होता. फोन ठेवून त्याने आतला बोटाच्या पेराएवढा सेन्सर शोधला, कान साफ करायच्या काडीने पुसला, आणि मशीन सुरू झाले. रांग पुढे सरकली.

मी त्याला विचारले, “हे कंपनीच्या पुस्तकात नसतं का?” तो म्हणाला, “आहे ना सर. पुस्तकात लिहिलंय सेन्सर बदला. बदलायला पैसे लागतात, माल यायला आठ दिवस. पुसून चालतो, हे पुस्तकात नाही.”

हे ऐकताना मला एक जुना इतिहास आठवला. तोही झेरॉक्सच्या मशीनचाच आहे, आणि मेकॅनिक लोकांचाच. संस्थेच्या आत ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे कसे जाते आणि त्यात संगणकाची मदत नेमकी कुठे होते, हे या इतिहासातून जितके स्पष्ट कळते तितके मला बी.एड.च्या कोणत्याही पुस्तकातून कळले नाही. म्हणून तो इथे सांगतो.

भाड्याचे मशीन

आपण ‘झेरॉक्स’ म्हणजे छायाप्रत समजतो. मुळात ते एका अमेरिकन कंपनीचे नाव. चेस्टर कार्लसन नावाच्या माणसाने 22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात भाड्याच्या खोलीत पहिली कोरडी प्रत काढली. शाई नाही, ओले रसायन नाही, फक्त स्थिर वीज आणि पूड. ग्रीक भाषेत कोरड्याला ‘झेरॉस’ म्हणतात, त्यावरून हे नाव. कार्लसन एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करायचा, कागद हाताने उतरवून काढायचा त्याला कंटाळा होता. त्याच्या शोधाला वीस वर्षे बाजारच मिळाला नाही. शेवटी रॉचेस्टरच्या हॅलॉइड या छोट्या कंपनीने 1959 मध्ये ‘914’ नावाचे मशीन बाजारात आणले. वजन सुमारे तीनशे किलो. कधीकधी आत कागद पेटायचा म्हणून सोबत आग विझवायचे नळकांडेही दिले जायचे!

या मशीनच्या व्यवहारात एक गोष्ट होती, आणि पुढचा सगळा इतिहास तिच्यावर उभा आहे. मशीन इतके महाग होते की कंपनी ते विकण्यापेक्षा भाड्याने देई. महिन्याला 95 डॉलर भाडे, त्यात 2000 प्रती, त्यापुढच्या प्रत्येक प्रतीचे वेगळे पैसे. म्हणजे मशीन गिऱ्हाइकाच्या कचेरीत, पण मालकी कंपनीची. मशीन बंद पडले की प्रती थांबल्या, प्रती थांबल्या की कंपनीची कमाई थांबली. म्हणून दुरुस्ती करणाऱ्या माणसांची मोठी फौज कंपनीला पदरी बाळगावी लागली. पुढे विक्रीही सुरू झाली, पण दुरुस्ती आणि देखभाल हा कंपनीचा कणाच राहिला.

या फौजेला कंपनी काय देत होती? प्रशिक्षण आणि जाडजूड पुस्तके. पुस्तकाची रचना झाडासारखी: अमुक कोड आला का? हो असेल तर पान इतके, नाही तर पान तितके. असे करत करत शेवटी उत्तर मिळते. कंपनीच्या वरच्या लोकांची समजूत अशी होती की दुरुस्तीवाल्याने डोके चालवायची गरज नाही, पुस्तक पाळले की झाले. मी स्वतः वर्गावरचा शिक्षक असल्यामुळे ही समजूत मला फार ओळखीची वाटते.

मानववंशशास्त्रज्ञ नाश्त्याला येतो

झेरॉक्सने 1970 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे एक संशोधन केंद्र काढले. ‘पार्क’ या नावाने ते ओळखले जाते. आजच्या संगणकावर आपण जे चित्र, खिडक्या आणि माऊस बघतो त्याचा मोठा भाग तिथे आकाराला आला. लेझर प्रिंटर तिथला, इथरनेटही तिथलेच. पण या केंद्राने आणखी एक काम केले, त्याबद्दल कमी बोलले जाते. त्याने मानववंशशास्त्रज्ञ नोकरीला ठेवले. जे लोक दूरच्या आदिवासी वस्त्यांवर जाऊन राहतात, तिथल्या चालीरीती टिपतात, त्या विद्येची माणसे फोटोकॉपी मशीनच्या कंपनीत!

लूसी सचमन ही त्यातली एक. लोक मशीन वापरताना नेमके काय करतात, हे तिने व्हिडिओवर टिपले. संगणकशास्त्रातले दोन नामांकित विद्वान कंपनीच्या मशीनवर साध्या प्रती काढताना कसे घामाघूम होतात, हे त्या चित्रीकरणात दिसले आणि ते पुढे खूप गाजले.

दुसरा ज्युलियन ऑर. हा स्वतः आधी तंत्रज्ञ म्हणून काम केलेला, नंतर मानववंशशास्त्राकडे वळलेला. त्याने दुरुस्तीवाल्यांचा अभ्यास करायचे ठरवले. त्यांच्याबरोबर गाडीत बसला, गिऱ्हाइकांकडे गेला, त्यांच्याबरोबर जेवला. त्याचे पुस्तक 1996 मध्ये आले. त्याच्या नावाचा साधा अर्थ ‘यंत्रांबद्दल बोलणे’ असा होतो, आणि या बोलण्यातच त्याचा शोध होता.

कंपनीच्या हिशेबात दुरुस्तीवाला एकटा काम करतो. सकाळी कामांची यादी घेतो, एकेका कचेरीत जातो, घरी जातो. ऑरला वेगळेच दिसले. हे लोक सकाळी नाश्त्याला एकत्र जमत. दुपारी जेवायला जमत. सुटे भाग ठेवायच्या जागी भेटत. कंपनीच्या दृष्टीने हा वेळ वाया जाणारा. पण तिथे बोलणे कशाचे होई? मशीनचे. कोणत्या इमारतीतले कोणते मशीन कसे त्रास देते, कोणत्या कचेरीतली बाई कागद कसा भरते, कोणता कोड खोटा बोलतो. हे सगळे गोष्टींच्या रूपात सांगितले जाई. युद्धावरून परत आलेला शिपाई सांगतो तशा गोष्टी: आधी काय झाले, मग मी काय केले, ते कसे फसले, शेवटी काय निघाले.

खोट्या कोडची गोष्ट प्रसिद्ध आहे. एका ठिकाणी नवीन मशीन सारखे बंद पडत होते आणि कोड दाखवत होते. पुस्तकाप्रमाणे जे करायचे ते केले, तरी तेच. पुस्तकाचा शेवटचा उपाय म्हणजे अख्खे मशीन बदलून द्या. पण तसे केले असते तर गिऱ्हाइकासमोर तंत्रज्ञाची आणि कंपनीची अब्रू गेली असती. त्याने एका अनुभवी तज्ज्ञाला बोलावले. दोघे मशीनसमोर बसले. काही तास ते मशीन चालवून बघत राहिले आणि एकमेकांना गोष्टी सांगत राहिले: “त्या मशीनला असंच झालं होतं, पण तिथे आधी तो कोड आला होता.” “हां, पण ते मशीन गरम झालं होतं.” असे करत करत दोघांच्या अर्धवट आठवणी जुळल्या आणि एक पूर्ण गोष्ट तयार झाली. मशीन दाखवत होते तिथे दोष नव्हताच. खरा दोष भलत्याच भागात होता, आणि तो असा होता की मशीनला आपले खरे दुखणे सांगायलाच मिळत नव्हते. यानंतर ही गोष्ट नाश्त्याच्या टेबलावर गेली, आणि तिथून इतरांच्या डोक्यात.

ज्या उत्तराला पुस्तकात पान नव्हते ते दोन माणसांच्या बोलण्यातून तयार झाले. ज्ञान आधी कुठेतरी तयार होते आणि मग वाटले जाते, असे इथे झाले नाही. वाटता वाटताच ते तयार झाले. पार्कचे प्रमुख जॉन सीली ब्राउन आणि पॉल दुगिड यांनी 1991 मध्ये ऑरच्या निरीक्षणांवर एक निबंध लिहिला. संस्था कशा शिकतात याची चर्चा आजही त्या निबंधाशिवाय पूर्ण होत नाही.

हुशार यंत्र नको, वही हवी

आता संगणकाकडे येऊ. पार्कमध्ये संगणकशास्त्रज्ञांची कमतरता नव्हती. डॅनियल बोब्रो हा कृत्रिम बुद्धिमत्तेतला नावाजलेला माणूस तिथे होता. त्याच्या गटाची पहिली कल्पना त्या काळाला शोभणारी होती: मशीनच्या रचनेचे ज्ञान संगणकात भरायचे, म्हणजे दोष कुठे आहे हे संगणकच सांगेल. दुरुस्तीवाल्याने फक्त विचारायचे. असा एक प्रयोग तयारही झाला. तंत्रज्ञांना दाखवला. त्यांनी कौतुक केले आणि सांगितले की आमच्या फारशा कामाचा नाही. रचनेवरून जे दोष काढता येतात ते आम्हालाही काढता येतात. आमचा जीव खातात ते दोष कारखान्यातल्या कोणाला सुचलेलेच नसतात. दमट हवेने, स्वस्त कागदाने, मशीन जुने झाल्याने ते येतात आणि आधी आमच्याच समोर येतात.

संशोधकांचे मोठेपण असे की त्यांनी हे ऐकून घेतले. मी अशी कितीतरी प्रशिक्षणे केली आहेत जिथे साधन आधी ठरलेले असते आणि शिक्षकाला शेवटी ‘अभिप्राय’ म्हणून एक चौकट दिलेली असते. ‘समाधानी’, ‘अति समाधानी’. असो.

याच काळात ऑरच्या अभ्यासावरून डेन्व्हरमध्ये तंत्रज्ञांना दोन बाजूंनी बोलता येणारे रेडिओ देऊन बघितले होते. एकाला अडले की तो रेडिओवर विचारी आणि बाकीचे ऐकत ऐकत शिकत. नाश्त्याचे टेबल दिवसभर चालू राहिल्यासारखे झाले. उपाय चांगला होता, पण त्यात एक उणीव होती. बोललेले हवेत विरून जाई. त्या दिवशी जो ऐकत होता त्यालाच मिळाले, दुसऱ्या शहरातल्याला नाही.

मग गोष्ट फ्रान्सला गेली. पार्कचा ओलिव्हिए रेमाँ तिथल्या तंत्रज्ञांबरोबर फिरला तेव्हा त्याला दिसले की प्रत्येकाकडे आपली आपली वही किंवा कागदांची चळत आहे. पुस्तकात नसलेले उपाय त्यांनी हाताने टिपून ठेवले होते. लोक लिहीत नाहीत ही तक्रारच खोटी होती. लोक लिहीत होते, ते लिहिलेले फक्त शर्टाच्या खिशात राहत होते. काम एवढेच उरले की या वह्या एकमेकांना वाचता आल्या पाहिजेत.

त्यातून जे उभे राहिले त्याचे नाव ‘युरेका’. फ्रान्समध्ये तेव्हा इंटरनेट घरोघरी पोचले नव्हते, पण टेलिफोनच्या तारेवर चालणारे मिनिटेल नावाचे छोटे टर्मिनल लाखो घरांत आणि दुकानांत होते. सुरुवातीला त्याचाच उपयोग केला गेला. पुढे तंत्रज्ञांना लॅपटॉप मिळाले. सगळा साठा लॅपटॉपवर उतरवून घ्यायचा आणि गिऱ्हाइकाच्या तळघरात, जिथे तार नाही तिथेही, शोधायचा. तंत्रज्ञान म्हणून बघायला गेले तर यात विशेष काही नव्हते: एक यादी, एक शोधायची सोय.

विशेष होते ते नियम, आणि ते तंत्रज्ञांबरोबर बसून ठरवले गेले. एखाद्या तंत्रज्ञाला नवा उपाय सापडला की त्याने तो लिहून पाठवायचा: लक्षण काय, कारण काय, उपाय काय. तो लगेच सर्वांना दिसत नसे. त्या प्रकारच्या मशीनवर हात बसलेला दुसरा तंत्रज्ञ तो तपासे, गरज पडली तर पाठवणाऱ्याशी बोले, दुरुस्त करे, आणि मग तो साठ्यात जाई. नोंदीवर पाठवणाऱ्याचे नाव असे, तपासणाऱ्याचेही असे. चुकीचा उपाय नाकारला जाई, आणि का नाकारला तेही कळवले जाई. वापरणारा पुढे सांगू शके की माझ्याकडे चालला किंवा नाही चालला.

तपासणारा कोण, हा इथे कळीचा मुद्दा आहे. तो मुख्यालयातला अधिकारी नव्हता. लिहिणारे, तपासणारे आणि वाचणारे तिघेही त्याच धंद्यातले. ऑरने नाश्त्याच्या टेबलावर जे बघितले होते तेच इथे होते, एक गोष्ट सांगणारा, दुसरा “पण तिथे तर असं झालं नव्हतं” म्हणणारा, आणि तिसरा लक्षात ठेवणारा. लक्षात ठेवायचे काम संगणकाने उचलले.

नावाची किंमत

उपाय पाठवणाऱ्याला पैसे द्यावेत का, असा प्रश्न निघाला होता. व्यवस्थापनाला ते साहजिक वाटले. तंत्रज्ञांनी नको म्हटले. पैसे ठेवले तर लोक संख्येसाठी लिहितील, साठ्यात कचरा भरेल आणि तपासणाऱ्यांशी भांडणे होतील. त्यांना हवे होते ते नोंदीवर नाव. आपल्या हातातल्या कौशल्याची दखल आपल्याच जमातीने घ्यावी, ही त्यांची कमाई होती.

आपल्या वाचकांना इथे इस्नाद आठवल्याशिवाय राहणार नाही. मुस्लिमेतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. हदीस, म्हणजे पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या उक्ती-कृतींची नोंद, नुसत्या मजकुरावर स्वीकारली जात नाही. कोणाकडून कोणी ऐकले ही नावांची साखळी तिच्यासोबत येते, तिला इस्नाद म्हणतात. त्या साखळीतला प्रत्येक माणूस कोण होता, स्मरणशक्ती कशी होती, खरे बोलणारा होता का, हे तपासण्यासाठी ‘अस्मा-उर-रिजाल’ ही वेगळी विद्याच उभी राहिली. तुलना फार ताणायची नाही. एकीकडे दीन आहे, दुसरीकडे प्रतीवर पडणारे काळे डाग. पण ऐकीव ज्ञानावर भरवसा ठेवायचा तर सांगणाऱ्याचे नाव आणि परीक्षकाची नजर दोन्ही लागतात, हे आपल्या आलिमांना हजार वर्षांपूर्वीच उमगले होते. कंपन्यांच्या जगात ते 1990 च्या दशकात नव्याने शोधावे लागले.

युरेका फ्रान्समधून कॅनडात गेले, मग अमेरिकेत आणि इतर देशांत. अमेरिकेत वरच्यांना ते पटायला वेळ लागला. तंत्रज्ञांनी एकमेकांचे ऐकायचे म्हणजे कंपनीच्या पुस्तकाचा अपमान, असा तो विचार होता. तरी ते पसरले. ब्राझीलमधली एक हकिकत नेहमी सांगितली जाते. तिथला तंत्रज्ञ हजारो डॉलरचे रंगीत मशीन बदलून द्यायच्या बेतात होता. युरेकात शोधले तेव्हा कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या एका तंत्रज्ञाची नोंद सापडली, आणि काही सेंट किमतीचा सुटा भाग बदलून मशीन चालू झाले. ब्राउन आणि दुगिड यांच्या लिखाणात कंपनीचे सुमारे 10 कोटी डॉलर वाचल्याचा अंदाज दिला आहे. असे अंदाज कंपनी स्वतःच करते, म्हणून मी आकड्यावर फार विसंबत नाही. मॉन्ट्रियलचा माणूस आणि ब्राझीलचा माणूस एकमेकांना कधी भेटले नसतील, एकमेकांची भाषाही येत नसेल, मला मोल आहे ते याचे.

त्याच सुमारास मोठमोठ्या कंपन्यांनी ‘नॉलेज मॅनेजमेंट’ नावाखाली महागडे साठे उभे केले. त्यातले कित्येक रिकामे राहिले, किंवा भरले आणि कोणी उघडले नाहीत. कारण बहुतेक ठिकाणी प्रश्न वरच्यांचा होता आणि मेहनत खालच्यांची. आपल्याला काय माहीत आहे ते लिहून वर पाठवा, असा हुकूम. लिहिणाऱ्याला त्यातून परत काय मिळणार, याचा पत्ता नसे.

अडचण अशाच जातीची आणि उत्तर मात्र सगळ्या जगाला पुरलेले, असे उदाहरण जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन संस्थेचे. तिथे माणसे साधारण दोन वर्षांसाठी येत आणि जात. कोणते यंत्र का तसे बांधले, कोणता प्रोग्राम कोणी लिहिला, हे ज्ञान त्यांच्याबरोबर जाई. टिम बर्नर्स-ली याने मार्च 1989 मध्ये आपल्या वरिष्ठांना जो प्रस्ताव दिला तो याच गळतीवर होता. माहिती झाडासारख्या फांद्यांत न ठेवता, कोणत्याही कागदावरून कोणत्याही कागदाकडे धागा जोडता यावा. तेच वर्ल्ड वाइड वेब. सर्नमध्ये ते लोकांच्या उपयोगाला आले ते आधी टेलिफोनची यादी बघण्यासाठी. 30 एप्रिल 1993 रोजी संस्थेने ते सर्वांना मोफत खुले केले.

करडू ते

हे सगळे मी का सांगतो आहे, त्याचे कारण एक जुनी वही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. आमच्या मुलांना मराठी येते, बाजारात आणि एसटीत ती फर्डे बोलतात. पण लिहायला बसली की काही गाठी पडतात. उर्दूत दोनच लिंगे, मराठीत तीन. किताब ‘ती’ असते, मग पुस्तक ‘ते’ का? उर्दूत ‘ळ’ नाही, म्हणून ‘कमळ’ चे ‘कमल’ होते. या गाठी कुठे आहेत हे मराठी माध्यमासाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेत नसते, कारण तिथे त्या पडतच नाहीत.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे एक वयस्क सर होते. नपुंसकलिंग शिकवायची त्यांची एक रीत होती. ते पुस्तकातली यादी देत नसत. बकरी ईदच्या आसपासचे दिवस बघून विचारत, “घरी काय आणलंय?” मुले बोलू लागत. मग सर फळ्यावर लिहीत: बोकड तो, बकरी ती, आणि त्यांचे पिल्लू? करडू ते. गाईचे वासरू ते, मेंढीचे कोकरू ते, घोडीचे शिंगरू ते, आईचे लेकरू ते. लहानग्यांपासून सुरुवात केली की ‘ते’ मुलांच्या कानात बसते, मग पुस्तक आणि घर सोपे जाते. हे मी त्यांच्या वर्गाच्या दारात उभा राहून शिकलो. माझ्या टाचण वहीत ते कधीच नव्हते.

त्यांच्याकडे अशी एक जाड वही होती. कोणत्या इयत्तेत मुले कुठे अडतात, काय करून बघितले, काय फसले, सगळे तिच्यात. ते निवृत्त झाले तेव्हा आम्ही शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ दिले. वही मागायचे कोणाला सुचले नाही. ते वारल्यावर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो. मुलगा म्हणाला, घर रंगवायला काढले तेव्हा अब्बांचे कागद रद्दीत दिले. चूक त्याची नाही. त्या वहीत काय आहे हे आम्हाला माहीत होते, त्याला नव्हते.

तोवर आमच्याकडे संगणक नव्हते असे नाही. ऑनलाइन माहिती भरायची कामे होती, आजही आहेत. पटसंख्या, हजेरी, आधार, शौचालयांची संख्या, झाडांची संख्या. सगळे खालून वर जाते. वरून खाली येते ते स्मरणपत्र. शेजारच्या तालुक्यातली उर्दू शाळेची बाई ‘ळ’ कसा शिकवते, हे मला कोणतेही पोर्टल सांगत नाही. शिक्षकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, तिथे चांगले उपाय येतातही. पण त्याची गत डेन्व्हरच्या रेडिओसारखी. दुपारी आलेला उपाय रात्रीपर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि परिपत्रकांखाली गाडला जातो. सहा महिन्यांनी शोधायला गेलो तर फोन बदललेला असतो.

युरेकाबद्दल वाचल्यावर आम्ही तीन शाळांतल्या पाच जणांनी मिळून एक साधा तक्ता सुरू केला. फोनवर उघडतो, पैसे लागत नाहीत. रकाने सहा: मूल कुठे अडते, का अडते, काय केले, कोणी केले, कोणी तपासले, चालले का. नियम एकच ठेवला. दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाने आपल्या वर्गावर करून बघितल्याशिवाय नोंद पक्की होत नाही. मुख्याध्यापकांना सांगितले, त्यांनी विचारले, हे कुठे सादर करायचे आहे? म्हटले, कुठेच नाही.

पहिली नोंद करडूची आहे, ‘कोणी केले’ या रकान्यात सरांचे नाव आहे. ती तपासायला एका बाईंनी पाचवीच्या वर्गावर घेतली आणि भर घातली की त्यांच्या गावात मुले कोंबड्यांची, म्हणून त्यांनी पिल्लापासून सुरुवात केली. चालले.

सातवी नोंद मात्र दीड वर्षापासून कच्ची पडून आहे. मुले ‘मीने पुस्तक वाचली’ लिहितात. ‘पुस्तक’ सुधारते, ‘मीने’ सुधारत नाही. उर्दूत ‘मैंने’ आहे आणि मराठीत ‘त्याने’ आहे, मग ‘मीने’ का नाही, असे मूल विचारते, आणि त्याचे विचारणे अगदी रास्त आहे. यावर माझा एक उपाय होता, तो दुसऱ्या शाळेत चालला नाही. मागच्या आठवड्यात तिसऱ्या शाळेतल्या सरांनी एक नवा पाठवला आहे: ‘मी’, ‘आम्ही’, ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांना ‘ने’ लागत नाही, बाकी सगळ्यांना ‘ने’ किंवा ‘नी’ लागते, हे मुलांना दोन रांगांत उभे करून खेळातून शिकवायचे. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी तो सहावीवर करून बघणार आहे.